चोवीस तासांची बाटली

हॉस्पिटलच्या तळमजल्यावर कॉरिडॉर जिथे संपतो, तिथे मोडक्या खाटांच्या खोलीला लागून एक प्रयोगशाळा आहे. तिथे जायला कुणी फारसं राजी नसतं. आम्लाच्या वाफांनी खिडकीच्या गजांचा रंग कधीच उडालेला, आणि वास असा की नवा माणूस दारातच नाकाला रुमाल लावतो. कामही तसंच आहे म्हणा. वरच्या वॉर्डांतल्या पेशंटची चोवीस तासांची लघवी मोठ्या तपकिरी बाटल्यांतून इथे येते, आणि ती मोजणारी बाई एकतीस वर्षं एकच.

तोंडावर सगळे तिला 'बाई' म्हणायचे आणि माघारी थेंबबाई. काचेच्या उभ्या नळीतून थेंब थेंब आम्ल सोडायचं, आणि खालच्या भांड्यातला हिरवा रंग फिकट गुलाबी झाला की त्याच थेंबाला तोटी बंद करायची, हे तिचं काम. एक थेंब जास्त पडला की सगळं पहिल्यापासून. तिला हे नाव ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर मनातून आवडतही होतं.

ती मोजायची नायट्रोजन. हे जरा समजून घ्या, कारण पुढचं सगळं त्याच्यावर आहे. आपलं अंग एकदा बांधलं, रंग दिला, संपलं, असं काही नसतं. अंगातली प्रथिनं रोज मोडली जातात आणि रोज नवी बनतात. मोडलेल्यातला बराचसा माल शरीर पुन्हा वापरतं, आणि जो वापरता येत नाही त्याचा नायट्रोजन लघवीवाटे बाहेर जातो. खाण्यातून जितका आत गेला त्यापेक्षा कमी बाहेर आला, तर आकडा अधिक, म्हणजे अन्न अंगी लागतंय. जास्त बाहेर आला, तर आकडा उणे, म्हणजे माणूस स्वतःचंच मांस जाळून जगतोय. मोठ्या जखमेत, तापात, असाच उणे येतो.

पण बाटली पूर्ण असली तरच या आकड्याला अर्थ. एखाद्या वेळची लघवी चुकून संडासात गेली, की नायट्रोजन कमी भरतो आणि मरायला टेकलेला माणूसही कागदावर सुधारतो. म्हणून थेंबबाईचा एक राखणदार होता. क्रिएटिनिन नावाचा एक पदार्थ स्नायूंतून रोज बाहेर पडतो, आणि ज्याचे जितके स्नायू त्या मानाने रोज जवळजवळ तेवढाच पडतो. तो एकदम कमी दिसला की समजायचं, बाटली अपुरी आहे. थेंबबाईची पद्धत अशी, की राखणदाराचा आकडा वहीत लिहिल्याशिवाय नायट्रोजनच्या रकान्याला पेन लावायचं नाही. तो कमी दिसला की ती जिना चढून वॉर्डात जायची आणि सिस्टरला म्हणायची, "बाटली अर्धवट आहे. उद्या नीट भरा." सिस्टर लोकांच्या ती डोक्यात जायची, पण ती कुणाची भीड ठेवत नसे.

आणि यंदा त्याच वॉर्डात, दारापासून तिसऱ्या खाटेवर, तिचा भाऊ होता.

भाऊ गवंडी. आई गेली तेव्हा तो सहा वर्षांचा आणि ही सोळाची. हिनेच त्याला न्हाऊमाखू घातलं, शाळेत घातलं, आणि शाळेतून पळून तो बांधकामावर गेला तेव्हा हिनेच त्याला बदडलं. लग्न त्याने केलं नाही आणि हिचंही राहून गेलं. सात आठवड्यांपूर्वी तो परांचीवरून खाली आला. मांडीचं हाड दोन ठिकाणी मोडलं, जखमेत पू झाला, दोनदा फाडून धुऊन काढलं तरी ताप हटेना. सत्तर किलोचा गडी पन्नासवर आला. पाठीच्या मणक्यांवर बोट फिरवून ते मोजता यायचे.

सर्जनने थेंबबाईला बाजूला घेऊन स्पष्ट सांगितलं होतं. "बाई, कुजलेलं हाड सगळं काढून आत सळई घालायची तर सहा तासांचं ऑपरेशन आहे. आज केलं तर त्याला झेपणार नाही, टेबलावरच जाईल. गेला नाही तरी टाके धरणार नाहीत. तुमचा आकडा तीन दिवस सलग अधिक येऊ द्या, मी घेतो त्याला. पण पू वर चढला तर थांबायला वेळ नाही. मग पाय काढावा लागेल."

म्हणजे भावाचा पाय आणि जीव, दोन्ही तिच्याच काचेच्या नळीखाली येऊन थांबलेले. आता ही काय घरी सांगण्यासारखी गोष्ट आहे? आणि घरी सांगायला होतं तरी कोण?

तिने त्यालाच सांगितलं. खाटेच्या कडेला बसून, त्याच्या नाकातल्या नळीतून पांढरं पातळ अन्न उतरत असताना, सगळं समजावलं. "आतड्याचं अस्तर चार-पाच दिवसांत नवं होतं. यकृतातली प्रथिनं दिवसांत बदलतात, स्नायूंतली काही आठवड्यांत. तू झोपलास तरी काम बंद नसतं. इकडे पाडतात, तिकडे बांधतात."

"म्हणजे सत्तेचाळीस वर्षं मी चोवीस तास साइटवरच आहे म्हण की," तो म्हणाला. "आणि हजेरी एकाच पाळीची लागली."

"गप रे. ऐक."

"ऐकतोय. सगळंच बदलतात? मग जुना मी कुठे राहिलो?"

तिने विचार केला. "डोळ्यातलं भिंग. त्याचा मधला भाग आईच्या पोटात असताना बनतो, तो मरेपर्यंत तोच. तिथे कुणी पाडत नाही आणि बांधत नाही."

तो छताकडे बघत म्हणाला, "आणि सध्या माझ्या साइटवर काय चाललंय?"

"पाडणारे जास्त आहेत. रोज दीडशे ग्रॅम मांस जातंय तुझं. ते बाटलीतून माझ्याकडे येतं. बाटलीत कमी यायला लागलं, की समजायचं अंगात राहतंय."

हे शेवटचं वाक्य ती बोलून गेली. पुढे किती वेळा तिने ते आठवून जीभ चावली असेल, ते तिचं तिला माहीत.

सोमवारी आकडा उणे साडेपाच. मंगळवारी उणे पाच. बुधवारी पुन्हा साडेपाच. रोज दुपारी आकडा लिहून झाला की ती वर जायची. वॉर्डाच्या दारात तोंड सावरायची, पण ज्याला तिने वाढवलं त्याच्यापुढे काय सावरणार? तो दारातच ओळखायचा. "आज पण खड्डाच ना?" म्हणायचा, आणि ती उशीचा अभ्रा उगाच सारखा करत बसायची.

रविवारी आकडा आला अधिक शून्य पूर्णांक दोन.

थेंबबाईने तोटी बंद केली आणि गुलाबी झालेल्या भांड्याकडे बघत उभी राहिली. पुन्हा केलं. तेवढाच. मग तिने जे केलं ते एकतीस वर्षांत केलं नव्हतं. राखणदाराचा रकाना रिकामा ठेवून तिने नायट्रोजनचा आकडा लिहिला आणि जिना चढली. मुद्दाम केलं असं नाही. राखणदार आठवलाच नाही, असंही नाही. उद्या बघू, असं मनाने म्हटलं आणि तिने ते ऐकलं. बाटलीत लघवी कमी होती, पण हवा तापली होती, घाम जात असेल. माणसाला कारण हवंच असलं तर ते कुठूनही मिळतं.

तिचा चेहरा दारात दिसला आणि भाऊ हसला. सात आठवड्यांत पहिल्यांदा.

सोमवारी अधिक शून्य पूर्णांक चार. मंगळवारी अधिक शून्य पूर्णांक तीन. सर्जनने कागद बघून मान हलवली आणि ऑपरेशन गुरुवारी सकाळी आठला ठरवलं. सिस्टरने थेंबबाईचा हात दाबला. ज्या सिस्टरला ती इतकी वर्षं बाटल्यांवरून बोलत आली होती, तिनेच.

बुधवारी दुपारी थेंबबाई फ्रिज आवरत होती. प्रत्येक बाटलीतला थोडा नमुना छोट्या नळीत भरून सात दिवस ठेवायचा, हाही तिचाच नियम. जुन्या नळ्या टाकून द्यायला तिने वही उघडली आणि क्रमांक लावायला लागली. त्या पानावर राखणदाराच्या रकान्यात तीन घरं कोरी होती. दुसऱ्या कुणाच्या वहीत ती कोरी घरं दिसली असती तर तिने त्या माणसाची बिनपाण्याने केली असती.

तिने तिन्ही नळ्या काढल्या आणि तपासायला लावल्या.

आधीच्या आठवड्यात राखणदाराचा आकडा नऊशेच्या आसपास होता. रविवारचा आला सहाशे. सोमवारचा पाचशे नव्वद. मंगळवारचा सहाशे पाच.

एका रात्रीत माणसाचे एक तृतीयांश स्नायू नाहीसे होत नाहीत. नाहीशी झाली होती ती एक तृतीयांश लघवी. ती धरली तर आकडा तोच, उणे पाच. भाऊ एका ग्रॅमनेही सुधारला नव्हता. तिचे हात मात्र सवयीने नळ्या विसळत राहिले.

वर जाऊन तिने पडदा ओढला आणि आवाज खाली ठेवून विचारलं, "बाटलीत काय कमी टाकतोस?"

तो खोटं बोलला असता तर बरं झालं असतं, असं तिला नंतर वाटलं. त्याने सरळ सांगितलं. "दुपारचं भांडं. दुपारपाळीच्या आयाबाई नवीन आहेत. त्यांना म्हटलं, हे मोजायचं नाही, ओतून द्या."

"का?"

"तूच म्हणालीस. बाटलीत कमी आलं की समजायचं अंगात राहतंय."

"अरे, समजायचं म्हणजे..."

"मला कळत नाही असं वाटतं तुला? अडाणी आहे, मूर्ख नाही." तो दम खात बोलत होता. "रोज दुपारी तू दारात उभी राहायचीस आणि मला आईचं आजारपण आठवायचं. तेव्हा पण तू अशीच दारात तोंड पुसून यायचीस. तीन दिवस तू हसलीस, ताई. मी बघितलं. आणि दुसरं म्हणजे मला पाय पाहिजे. एका पायावर परांची चढता येत नाही. माझ्याकडे दुसरं काय आहे? उद्या आठला घेणारेत. एवढं आज गप्प बस. जगलो तर पायासकट जगेन."

"आणि मेलास तर?"

"तर मी मेलो. तू नाहीस."

तिने त्याच्याकडे बघितलं. त्याला थोबाडीत मारावी असं तिला वाटलं, आणि त्याचं डोकं छातीशी धरावं असंही वाटलं. यातलं काहीच तिने केलं नाही. पडदा सरकवला आणि ती बाहेर पडली.

सर्जनच्या खोलीपर्यंत जायला पन्नास पावलं असतील. त्या पन्नास पावलांत तिच्या मनाने सतरा वेळा घेतलं, की आपण ती पानं उघडलीच नव्हती. कुणाला कळलं असतं? राखणदाराला इतर कुणी ओळखतही नव्हतं. भाऊ कदाचित तगलाही असता. कदाचित. एकतीस वर्षं तिने 'कदाचित' या शब्दाला वहीत जागा दिली नव्हती.

"डॉक्टर, तीन दिवसांचे माझे आकडे खोटे आहेत," ती म्हणाली. "बाटली अपुरी होती. ते मी तपासायला हवं होतं आणि तपासलं नाही. माझा भाऊ आहे म्हणून तपासलं नाही. तो अजून उणे पाचवर आहे."

सर्जनने फोन उचलला आणि सकाळचं ऑपरेशन रद्द केलं. फोन ठेवून म्हणाला, "बाई, तो उद्या टेबलावर गेला असता तर तुम्ही आणि मी दोघांनी मिळून त्याला मारला असता."

"हो," ती म्हणाली.

भावाने तिच्याशी बोलणं टाकलं. भांडला नाही, शिव्या दिल्या नाहीत. ती आली की तोंड भिंतीकडे करायचा. ती बसायची, नळी बघायची, पायाची उशी सारखी करायची आणि उठायची. बाटली मात्र आता रोज काठोकाठ भरून येत होती. जणू त्याने ठरवलं होतं, घे, मोज सगळं. रोज आधी राखणदार, मग नायट्रोजन. राखणदार हळूहळू नऊशेवरून साडेआठशेपर्यंत उतरला, कारण स्नायू खरोखरच जात होते. आकडा उणे पाच, उणे साडेपाच, उणे सहा. अन्न वाढवलं, औषध बदललं, तरी हलला नाही.

अकराव्या दिवशी ताप एकशे चारवर गेला आणि पू कमरेकडे सरकला. सर्जनने पाऊण तासात पाय काढला, पार वरून. सहीच्या कागदावर भावाने स्वतः अंगठ्याने नाही, पेनाने सही केली. थेंबबाईने लहानपणी त्याचा हात धरून गिरवलेली अक्षरं होती ती. सही करतानाही त्याने तिच्याकडे बघितलं नाही.

ती खाली आली आणि खोलीचं दार लावून रडली. आपण बोललो नसतो तर पाय असता, की भाऊच नसता? हे कुठल्याही नळीतून मोजता येणार नव्हतं, आणि तेच तिला सहन होईना.

पू गेला तसा ताप उतरला. उणे चार. उणे अडीच. उणे एक. अंग जाळणारी गोष्टच अंगातून काढली होती, तेव्हा अंग शांत व्हायला लागलं होतं. पाय काढल्यानंतरच्या बाराव्या दिवशी सकाळी तिने भावाची बाटली घेतली आणि नेहमीसारखा आधी राखणदार तपासला. पायाच्या ऑपरेशननंतर पहिले काही दिवस रक्त, सलाइन, मूत्रपिंडावरचा ताण यांमुळे त्याचे आकडे वरखाली होत होते आणि तिने ते कंसात लिहिले होते. आता सगळं स्थिर झालं होतं.

सहाशे नव्वद.

तिने पुन्हा केलं. सहाशे नव्वद. मग नायट्रोजन केला, तिसऱ्यांदासुद्धा केला, आणि प्रत्येक वेळी एकच आला. अधिक शून्य पूर्णांक सहा.

तिच्या डोक्यात तिडीक गेली. राखणदार कमी आणि आकडा अधिक, पुन्हा तेच. हा माणूस सुधारायचा नाही. पाय गेला, जीव जाता जाता राहिला, तरी याने पुन्हा भांडं ओतलं. वही तशीच उघडी टाकून ती जिना चढली. हातातला मोजाही काढला नाही. वॉर्डात शिरली ती तरातरा तिसऱ्या खाटेपाशी.

"पुन्हा ओतलंस?"

भावाने भिंतीकडचं तोंड वळवलं. किती दिवसांनी त्याने तिच्याकडे सरळ बघितलं. "नाही ताई," तो म्हणाला. "शप्पथ घेतो हवी तर. एक थेंब नाही ओतला."

"खोटं बोलू नकोस. राखणदार एकशे साठनं कमी आलाय."

"राखणदार म्हणजे?"

मग तिला उभ्या उभ्या सांगावं लागलं. स्नायूंतून रोज ठरलेलं काहीतरी येतं, जितके स्नायू तितकं येतं, आणि ते कमी भरलं की कळतं कुणीतरी बाटलीतलं चोरलंय. आवाज चढलेलाच होता. शेजारच्या खाटेवरचा म्हातारा उठून बसला.

भाऊ ऐकत होता. ऐकता ऐकता त्याने मान खाली केली आणि चादरीकडे बघितलं. चादर डाव्या बाजूला उंच होती आणि उजव्या बाजूला सपाट, गादीला चिकटलेली. त्याने हात नेला आणि त्या सपाट जागेवर तळवा ठेवला. नव्या भिंतीचा ओलावा बघताना गवंडी ठेवतात तसा.

"स्नायू जितके, तितकं येतं ना?"

"हो."

"मग तो पाय असेल, ताई."

एकतीस वर्षं. हजारो बाटल्या. आणि आकडा एकदम कमी दिसला की तिला एकच कारण सुचायचं, बाटली अपुरी आहे. माणूसही अपुरा असू शकतो, हे तिच्या ध्यानातच आलं नव्हतं. ती खाटेच्या कडेला बसली आणि तिने मोजा काढला.

"बाटली पूर्ण आहे," भाऊ म्हणाला. "नीट लिही."

"अधिक आलाय," ती म्हणाली. "शून्य पूर्णांक सहा."

"खरा?"

"खरा."

त्याने डोळे मिटले, आणि मिटलेल्या पापण्यांखालून पाणी आलं. तिलाही रडू आलं आणि या खेपेला तिने ते दारात पुसून टाकलं नाही, त्याच्यासमोर, सगळ्या वॉर्डासमोर येऊ दिलं. त्याने तिचा हात ओढून घेतला आणि त्या सपाट चादरीवर आपल्या हाताखाली ठेवला. मग सिस्टर नळीतलं अन्न बदलायला आली आणि थेंबबाई उठली.

खाली वही उघडीच होती. तिने राखणदाराच्या रकान्यात सहाशे नव्वद लिहिलं, कंस न घालता. शेजारी शेऱ्याच्या जागी लिहिलं, बाटली पूर्ण. मग पुढच्या रकान्यात अधिक शून्य पूर्णांक सहा लिहून तिने दुसऱ्या दिवसाची बाटली धुवायला घेतली.